नवं कापड क्विल्टसाठी कापण्याआधी धुवायलाच हवं का? इस्त्री करून ठेवलं तर चालतं का?

हो, धुवायलाच हवं. तुम्ही लिहिलंय की गडद आणि पांढऱ्या सुती कापडांचा ढीग जमलाय, आणि मैत्रीण म्हणते, मिठाच्या पाण्यात बुडवून काढलं की रंग पक्का होतो, वेगळं धुवायची गरज नाही. इस्त्री आणि साठवणीबद्दलही विचारलंय, त्याकडे येते. पण मिठाचं पाणी म्हटल्यावर मी हातातली सुई टोचून ठेवली आणि लिहायला बसले. या मिठानं माझे पाच महिने खाल्लेत.

माझ्या नणंदेच्या मुलीला लाल-पांढरा क्विल्ट हवा होता. साधाच, नाइन पॅच. पाच लाल आणि चार पांढरे चौकोन मिळून एक ब्लॉक, त्याच्या शेजारी एक अख्खा पांढरा, पुन्हा नाइन पॅच, अशी सात बाय नऊची मांडणी. म्हणजे 63 ब्लॉक, त्यातले 32 नाइन पॅच, म्हणजे 160 लाल चौकोन. प्रत्येक साडेतीन इंचाचा, शिवणीत जाणारी पाव इंच माया धरून. लाल कापड वन्संनीच आणून दिलं होतं. मी म्हटलं, आधी गरम पाण्यातून दोनदा काढते. तर म्हणाल्या, "अगं, गरम पाण्यानं रंग उडतो. मीठ आणि व्हिनेगर घाल, रात्रभर ठेव, आयुष्यात रंग जायचा नाही." वयानं मोठ्या, शिवणकामात माझ्याआधीपासून. मी ऐकलं. सकाळी पाहिलं तर बादलीतलं पाणी जवळजवळ स्वच्छ. वर फोन करून "तुमचं बरोबर होतं" असंही सांगितलं. ते वाक्य मला अजून महाग पडतंय.

पाणी स्वच्छ का दिसलं हे मला फार उशिरा कळलं. सुती कापड रंगवतात तेव्हा रंगाच्या टाकीत मीठ खरंच घालतात, पण ते रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलायला. तिथे रंग पक्का करायचं काम अल्कलीचं असतं, बहुतेक वेळा सोड्याचं, आणि ते कापड तुमच्या हातात येण्याआधीच झालेलं असतं किंवा अर्धवट राहिलेलं असतं. धाग्याला नुसता चिकटून राहिलेला जो मोकळा रंग असतो, तो मिठाच्या पाण्यात बाहेर यायला कचरतो. म्हणजे मिठानं रंग पक्का होत नाही, तो लपून बसतो. साध्या पाण्यात कापड गेलं की निघतो बाहेर. व्हिनेगर लोकर आणि रेशमाच्या रंगांना उपयोगी पडतं, सुताच्या रंगांशी त्याचं काही देणंघेणं नाही.

पाच महिने हातानं धावदोरा घातला, पांढऱ्या दोऱ्यानं, टाक्याला टाका लावून. पूर्ण झाल्यावर आखणीच्या खुणा घालवायला पहिल्यांदा धुतला, गार पाण्यात, साध्या साबणानं. ओला क्विल्ट जड होतो, म्हणून निथळायला टबातच घडी करून तासभर ठेवला. उघडला तेव्हा आधी दोरा दिसला. पांढऱ्या चौकोनावरचे टाके गुलाबी, बाजूचं कापड अजून पांढरं. दोऱ्यानं रंग आधी ओढून घेतला होता. मग लाल चौकोनांच्या कडेनं गुलाबी ओल सरकत आली, आणि घडीत जिथे लालवर अख्खा पांढरा ब्लॉक आला होता तिथे लाल चौकोनाचा ठसा उमटला, शिवणीसकट. मी घाबरून तो उन्हात टाकला. हे त्याहून वाईट, कारण वाळताना रंग ओलीच्या टोकाशी जमा होतो आणि गडद रेघ उठते.

वन्संचं म्हणणं काय असावं? "मीठ कमी घातलंस."

क्विल्ट वाचला, बराचसा. रंग लागलेलं कापड वाळू द्यायचं नाही, त्यावर इस्त्री तर मुळीच फिरवायची नाही. मोठ्या टबात भरपूर गरम पाणी, साधारण 60 अंशांचं, त्यात डिटर्जंट, आणि क्विल्ट पूर्ण बुडलेला राहील असा बारा तास. वर आलेल्या भागावर रंग बसतो, म्हणून मी वर पाण्यानं भरलेल्या बरण्या ठेवल्या होत्या. तीन वेळा केलं. पहिलं पाणी रक्तासारखं, तिसरं फिकट गुलाबी. खालचा एक कोपरा मात्र तसाच राहिला.

तेव्हा तुमच्या ढिगाचं असं करा. गडद कापडाचा तुकडा काचेच्या पेल्यात गरम पाणी आणि साबणाच्या थेंबात अर्धा तास ठेवा, मग तो ओलाच पांढऱ्या चिंधीवर दाबून ठेवा. चिंधीला रंग लागला तर ते कापड पाणी निवळ होईपर्यंत गरम पाण्यातून काढत राहा. चार-पाच धुण्यांनंतरही रंग जातच असेल तर ते पांढऱ्याशेजारी लावू नका, कितीही आवडलेलं असो. अस्सल निळीचं कापड वेगळं. ती पाण्यात विरघळत नाही, धाग्यावर बसते आणि घासली की निघते, त्यामुळे नुसता पेला बघून तिचा भरवसा धरू नका, कोरडी चिंधी घासून बघा.

रंग नाही गेला तरी कापड आटतंच. सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आटू शकतं. 44 इंच पन्ह्याचं कापड 3 टक्के आटलं तर सव्वा इंचाहून जास्त गेलं. एक कापड आटलेलं आणि शेजारचं न आटलेलं असेल तर शिवणीला चुण्या पडतात आणि त्या कुठल्याच इस्त्रीनं जात नाहीत. धुण्याआधी चारही कोपरे तिरके छाटा, दशा कमी सुटतात आणि टबात गुंता होत नाही. दुसरा फायदा असा की कपाटात कोपरा छाटलेलं म्हणजे धुतलेलं, हे न उलगडता कळतं.

इस्त्रीबद्दल थोडक्यात. कापड किंचित दमट असताना करा, आणि कापल्यानंतर इस्त्री फिरवू नका, ठेवा आणि उचला. फिरवली की उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, कडा ताणते आणि चौकोनाचा पतंग होतो. वाफ तर उरेब कापलेल्या तुकड्यांना शत्रूसारखी. शिवण आधी आहे तशी दाबा, मग माया गडद बाजूला वळवा, नाहीतर पांढऱ्याखालून लाल पट्टी दिसत राहते.

आणि तुमचा खरा प्रश्न, इस्त्री करून ठेवावं का. ठेवा, पण खळ लावून ठेवू नका. इथे चूक वन्संची नाही, माझी. खळीची कडक इस्त्री केलेल्या घड्या बघायला मला फार आवडायच्या. कसरीलाही आवडल्या. तिला खळ म्हणजे जेवणच. एका हिरव्या बुट्टीदार कापडाच्या घडीवर अशी कुरतडलेली भोकं निघाली की त्यातून जेमतेम पट्ट्या निघाल्या. खळ कापायच्या आदल्या दिवशी लावा. बाकी ऊन लागणार नाही अशी जागा, उघड्या लाकडाला थेट टेकू द्यायचं नाही (घडीवर पिवळे पट्टे येतात), हवाबंद प्लास्टिकमध्ये दमट कापड कोंडायचं नाही, आणि वर्षातून दोनदा घडी बदलायची. डांबराच्या गोळ्या टाकू नका, तो वास कापडातून महिनोन् महिने जात नाही आणि क्विल्ट अंगावर घ्यायचा असतो.

आता ज्यांचा "आम्ही कधीच धुत नाही" हा पक्ष आहे त्यांच्यासाठी. तुमचंही चालतं, जर सगळीच कापडं न धुतलेली असतील, रंग तपासलेले असतील आणि धुतल्यावर क्विल्टला येणारा सुरकुतलेला, जुनाट पोत तुम्हाला हवाच असेल. कोऱ्या कापडाचा ताठपणा कापायला सोपा, हे मी मान्य करते. कापून मिळणाऱ्या अडीच इंची पट्ट्या तर धुवूच नका, दशांचा गोळा हातात येईल. भिंतीवर टांगायचं असेल तर धुण्याचा प्रश्नच नाही. फक्त धुतलेलं आणि न धुतलेलं एकाच क्विल्टमध्ये मिसळू नका.

गेल्या वर्षी वन्संनी मला गडद निळं कापड दिलं, "मिठात भिजवूनच आणलंय" असं सांगून. मी ते गरम पाण्यातून चार वेळा काढलं. चौथं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं, खिडकीत ठेवलं आणि फोटो काढून त्यांना पाठवला. पाणी शाईसारखं निळं होतं. दोन दिवसांनी उत्तर आलं, "गार पाण्यात घालायचं होतंस."