नर्सिंगचं मास्टर्स करायचंय, पण पैसे? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नर्स वाचकांची बरीच पत्रं साठलीत आणि जवळजवळ सगळ्यांचा सूर एकच, की ताई पुढे शिकायचंय पण फीचा आकडा बघून छातीत धस्स होतं. मी स्वतः नाइट शिफ्ट करत करत मास्टर्स केलं, आता नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवते, त्यामुळे या विषयावर मला खूप बोलायचं असतं. या वेळचं अख्खं सदर यावरच.

प्रश्न : ताई, मी टेक्सासमध्ये आठ वर्षं आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे, मेड-सर्ज म्हणजे मेडिकल-सर्जिकल फ्लोअरवर. ग्रीन कार्ड आहे, दोन मुलं आहेत. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (एफएनपी, म्हणजे स्वतः तपासून औषधं लिहून देणारी नर्स) व्हायचंय, पण नोकरी सोडता येणार नाही. माझी मैत्रीण म्हणते सरळ सगळं लोन घे, दहा वर्षांनी माफ होतं. हे खरं आहे का?

उत्तर : तुझी मैत्रीण शिकली तेव्हा हे बऱ्यापैकी खरं होतं गं, पण आता नियम बदललेत आणि तेच आधी नीट समजून घे. पूर्वी ग्रॅज्युएट म्हणजे मास्टर्स-डॉक्टरेटच्या शिक्षणासाठी ग्रॅड प्लस नावाचं सरकारी लोन मिळायचं, कॉलेज जो एकूण खर्च सांगेल तेवढं. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने ते बंद केलं, नव्या लोकांना १ जुलै २०२६ पासून ते मिळत नाही. उरलं ते डायरेक्ट अनसबसिडाइज्ड लोन (शिकत असतानाही व्याज चढत राहणारं सरकारी लोन), वर्षाला जास्तीत जास्त २०,५०० डॉलर आणि सगळ्या ग्रॅज्युएट शिक्षणाला मिळून १ लाख डॉलर. डॉक्टर, वकील अशा ‘प्रोफेशनल’ डिग्रीवाल्यांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख, पण शिक्षण खात्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रोफेशनलची जी व्याख्या पुढे केली तिच्यात नर्सिंग नव्हतं. मला याचा फार राग आला होता, अजूनही येतो, पण तुझा हिशोब तू २०,५०० धरूनच कर. (जी आधीपासून त्याच प्रोग्रॅममध्ये होती आणि ३० जून २०२६ च्या आत तिने त्यासाठी सरकारी लोन उचललं होतं, तिला तीन वर्षं किंवा कोर्स संपेपर्यंत, जे आधी होईल तोवर, जुनी मर्यादा लागू राहते. तू नवीन आहेस म्हणून तुला नाही.)

आणि तुझ्यासारख्या नोकरीवालीला जास्त झोंबणारी गोष्ट वेगळीच आहे. नव्या नियमात पार्ट-टाइम शिकलीस तर लोनची मर्यादाही त्या प्रमाणात कमी होते. म्हणजे फुल-टाइमच्या निम्मे कोर्सचे क्रेडिट घेतलेस तर वर्षाला साधारण १०,२५० च. निम्म्याहून कमी घेतलेस तर सरकारी लोनच नाही. सेमिस्टरला दोन कोर्स घ्यायचे की तीन हे ठरवायच्या आधी फायनान्शियल एड ऑफिसला फोन करून विचार, ‘इतके क्रेडिट घेतले तर मला नक्की किती मिळतील’, आणि उत्तर ईमेलवर मागून घे.

माफीचं म्हणशील तर ती योजना आहे, पीएसएलएफ (पब्लिक सर्व्हिस लोन फरगिव्हनेस). सरकारी किंवा नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलमध्ये आठवड्याला किमान ३० तास नोकरी करत १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ. पण तुझा पगार कोण देतंय हे बघितलं जातं, तू कुठल्या बिल्डिंगमध्ये उभी आहेस हे नाही. नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलमध्ये ट्रॅव्हल नर्स (थोड्या महिन्यांच्या करारावर जाणारी नर्स) म्हणून एजन्सीकडून गेलीस तर मालक एजन्सी, आणि ती नफ्यावर चालणारी असेल तर ते महिने मोजले जात नाहीत.

आता मी माझ्या विद्यार्थिनींना जे करायला लावते ते सांगते. एका वहीच्या पानावर मधे रेघ मारायची, डावीकडे डॉलर लिहायचे, उजवीकडे वर्षं. कारण नर्सिंगच्या शिक्षणात जो कोणी मोठा पैसा देतो तो बदल्यात बहुतेक वेळा तुझी वर्षं मागतो, आणि आपण फक्त डावी बाजू वाचतो.

सगळ्यात आधी तुझ्या हॉस्पिटलचा एचआर. ट्यूशन रिइम्बर्समेंट, म्हणजे फीची भरपाई, असतं बऱ्याच ठिकाणी, मालकाने शिक्षणासाठी दिलेले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत टॅक्स-फ्री असतात, आणि तेच पैसे जुन्या स्टुडंट लोनच्या हप्त्याला दिले तरी चालतात. तीन वर्षं रेंगाळत शिकलीस तर हे १५,७५० होतात, आणि कॅलेंडर वर्षाप्रमाणे मोजतात म्हणून ऑगस्टमध्ये सुरू करून तिसऱ्या शैक्षणिक वर्षाच्या शेवटी मे महिन्यात संपवलंस तर चार कॅलेंडर वर्षांत पैसे बसवता येतात. पण पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाच. मी वाचली नव्हती. मला एका हॉस्पिटलने मास्टर्सच्या फीचा मोठा भाग दिला, मी सही करून मोकळी झाले, कोर्स संपल्यावर नऊ महिन्यांत नवऱ्याची बदली झाली आणि मी राजीनामा दिला तेव्हा शेवटच्या पगाराच्या स्लिपवर मला कपातीची ओळ दिसली. कोर्स संपल्यावर दोन वर्षं राहायचं असं लिहिलेलं होतं. उरलेली रक्कम मी पुढचे चौदा महिने हप्त्याने फेडली. तेव्हा तीन गोष्टी लेखी विचार: किती वर्षं राहायचं, ती कोर्स संपल्यापासून मोजतात की प्रत्येक चेकपासून, आणि क्लिनिकल अवर्ससाठी (रुग्णांसोबतच्या सक्तीच्या प्रशिक्षणाच्या तासांसाठी) मी पार्ट-टाइम झाले तर मदत थांबते का. शेवटच्या प्रश्नावर खूप जणी अडकतात, कारण एफएनपीच्या क्लिनिकलच्या सेमिस्टरमध्ये फुल-टाइम काम झेपत नाही आणि नेमकी तेव्हाच मदत बंद होते.

टॅक्स भरताना लाइफटाइम लर्निंग क्रेडिट, म्हणजे शिक्षणाच्या खर्चावरची टॅक्समधली सूट, विसरू नकोस. फीच्या पहिल्या १०,००० वर २० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २,००० डॉलर. जोडीने रिटर्न भरत असाल तर १,६०,००० उत्पन्नापासून ते कमी होत जातं आणि १,८०,००० ला संपतं. हॉस्पिटलने भरलेल्या पैशांवर ते घेता येत नाही, स्वतःच्या खिशातून किंवा लोनमधून भरलेल्यावरच.

आणि ग्रीन कार्ड असल्यामुळे तुझ्यासाठी नर्स कोअर या सरकारी स्कॉलरशिपचं दार उघडं आहे. फी, बाकीचा वाजवी खर्च आणि वर महिन्याला स्टायपेंड, बदल्यात नर्सेसची टंचाई असलेल्या ठिकाणी किमान दोन वर्षं फुल-टाइम सेवा. स्पर्धा आहे, पण नर्स प्रॅक्टिशनर करणाऱ्यांना त्यात जागा आहे. फक्त घरात आधी बोल. दोन मुलांची शाळा, नवऱ्याची नोकरी, आणि तुला मिळणारी जागा तासाभराच्या अंतरावर असेल की दुसऱ्या गावात हे आधी कळत नाही. सेवा पूर्ण केली नाही तर सगळे पैसे व्याजासकट परत मागतात.

प्रश्न : मी न्यू जर्सीत एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहे, भारतात बीएस्सी नर्सिंग केलंय, इथलं लायसन्स मिळालं पण काम करता येत नाही. घरी बसून वर्षं वाया चाललीत. मास्टर्सला मला काही मदत मिळू शकते का?

उत्तर : आधी हे सांगते, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. लायसन्स हातात असून घरी बसणं काय असतं ते मला माहिती आहे.

सरकारी लोन, नर्स कोअर, हे सगळं मुख्यतः नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी, एच-४ ला नाही, त्यात वेळ घालवू नकोस. पण एच-४ वर शिकायला परवानगी लागत नाही, हा तुझा मोठा फायदा आहे. पहिला प्रश्न स्टेट युनिव्हर्सिटीला हा विचार की तुमच्या स्टेटची रहिवासी म्हणून एच-४ वालीला इन-स्टेट फी लागते का. काही स्टेट्समध्ये लागते आणि तेवढ्या एका उत्तराने फी निम्म्यावर येऊ शकते, कुठल्याही स्कॉलरशिपपेक्षा जास्त.

ग्रॅज्युएट असिस्टंटशिप म्हणजे फी माफ आणि वर थोडा पगार, पण तो पगार म्हणजे काम, आणि एच-४ वर कामाची परवानगी नसेल तर ती घेता येत नाही. नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी त्याच्या कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाला असेल तर ईएडीसाठी, म्हणजे कामाच्या परवान्यासाठी, अर्ज कर, तो मिळाला तर असिस्टंटशिपच काय, हॉस्पिटलची नोकरी आणि तिथली ट्यूशन मदतही मिळेल. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, गेलीस तर कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास काम चालतं, पण व्हिसा बदलायचा निर्णय वकिलाला विचारूनच.

अजून एक वाट आहे जी आपल्या मुली बघतच नाहीत. संशोधनाची आवड असेल तर नर्सिंगमध्ये थेट पीएचडी. डीएनपीचा (नर्सिंगच्या प्रॅक्टिसच्या डॉक्टरेटचा) खर्च बहुतेक वेळा आपणच करायचा असतो, पण फुल-टाइम पीएचडीला चांगल्या विद्यापीठांत फी आणि स्टायपेंड मिळतो, आणि काही ठिकाणी बीएस्सीवरून सरळ घेतात. तिथेही स्टायपेंड कामाच्या बदल्यात आहे की फेलोशिप म्हणून, हे तुझ्या व्हिसासाठी नीट विचारून घे.

तू लिहिलंयस की आतेभाऊ प्रायव्हेट लोनला को-साइनर व्हायला तयार आहे. त्याला स्पष्ट सांग की को-साइनर म्हणजे नुसती ओळख नाही, तू हप्ता चुकवलास तर बँक त्याच्या दारात जाते आणि त्याची पत (क्रेडिट) बिघडते, उद्या त्याला घर घ्यायचं असेल तर हे कर्ज त्याच्या नावावर दिसतं. हे सगळं ऐकून तो हो म्हणाला तर ठीक. नुसतं ‘तू काळजी करू नकोस’ म्हणाला असेल तर अजून ठीक नाही.

प्रश्न : आमची मुलगी कॅलिफोर्नियात आयसीयू नर्स आहे, तिला सीआरएनए (ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी नर्स ॲनेस्थेटिस्ट) करायचंय. तीन वर्षं नोकरी करता येणार नाही म्हणते. आम्ही दोघं निवृत्तीला आलोय. घरावर लोन काढून तिची फी भरावी का?

उत्तर : काका, नाही. इतकं थेट सांगितल्याबद्दल रागवू नका.

सीआरएनए आता डॉक्टरेटच आहे, जानेवारी २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्या सगळ्यांना. किमान ३६ महिने, आणि मुलगी म्हणते ते खरं आहे, नोकरी करून ते होत नाही. सरकारी लोन तीन वर्षांचं मिळून ६१,५०० डॉलर. प्रोग्रॅमची फी त्याहून खूप जास्त असू शकते आणि राहण्याचा खर्च वेगळा. खड्डा आहे हे खरं. पण तिच्यापुढे तीस वर्षांची कमाई आहे, तुमच्याकडे घर आहे. तिचं कर्ज ती फेडू शकते, तुमचं घर गेलं तर ते परत येत नाही.

तिला विचारा की आयसीयूत अजून एक-दोन वर्षं राहून ओव्हरटाइमचे पैसे बाजूला टाकता येतील का. तो अनुभव तसाही प्रवेशाला लागतो, किमान एक वर्ष, आणि जास्त असेल तर बरंच. दुसरं, काही हॉस्पिटलं आणि ॲनेस्थेशिया ग्रुप शिकत असतानाच महिन्याला पैसे देतात, पास झाल्यावर त्यांच्याकडे काही वर्षं काम करायच्या अटीवर. पुन्हा तेच, उजवीकडची वर्षं लिहायची. ती नागरिक असेल तर लष्कराचा नर्स कोअर (वरच्या नर्स कोअर स्कॉलरशिपहून वेगळा, लष्करातल्या नर्सेसचा विभाग) हे शिक्षण स्वतःच्या खर्चाने देतो, पण त्यानंतर ऑफिसर म्हणून सेवा करावी लागते, तेव्हा हे तिच्या मनातून आलं पाहिजे, तुमच्या नाही. आणि कॉलेजला विचारायला सांगा की नर्स ॲनेस्थेटिस्ट ट्रेनीशिपचा सरकारी निधी तुमच्याकडे येतो का. तो विद्यार्थ्याला थेट मिळत नाही, कॉलेजमार्फतच वाटला जातो, आणि न विचारणाऱ्यांना तो असतो हेच कळत नाही.

तुम्हाला मदत करायचीच असेल तर ती तीन वर्षं तिला घरी राहू द्या. भाडं वाचलं की बघा कर्ज किती खाली येतं.

प्रश्न : मला शिकवायचं आहे, पण शिकवणाऱ्या नर्सला पगार बेडसाइडपेक्षा, म्हणजे रुग्णांजवळच्या नोकरीपेक्षा, कमी. लोन काढून हे करणं शहाणपणाचं आहे का?

उत्तर : माझा सगळ्यात लाडका प्रश्न. नर्स फॅकल्टी लोन प्रोग्रॅमचं नाव लिहून ठेव, एनएफएलपी. पैसे सरकारचे पण वाटतं कॉलेज, म्हणून प्रवेश घेण्याआधीच विचार की तुमच्याकडे आहे का. शिक्षण झाल्यावर नर्सिंग स्कूलमध्ये फुल-टाइम शिकवलंस तर पहिली तीन वर्षं दर वर्षी २० टक्के आणि चौथ्या वर्षी २५, म्हणजे ८५ टक्के कर्ज माफ. आणि जुनं नर्सिंगचं कर्ज असेल तर नर्स कोअरची लोन रिपेमेंट योजना फॅकल्टीलाही लागू आहे, दोन वर्षांत ६० टक्के, तिसरं वर्ष मिळालं तर अजून २५. त्यावर टॅक्स कापतात हे धरून चल.

पगार कमी आहे हे खरंच आहे, मी लपवणार नाही. मी शिकवायला लागले तेव्हा पहिली दोन वर्षं महिन्यातून दोन वीकेंड फ्लोअरवर काम केलं.

प्रश्न : हजार-दोन हजारच्या छोट्या स्कॉलरशिपसाठी निबंध लिहीत बसण्यात अर्थ आहे का?

उत्तर : आहे, आणि त्यात वर्षं कोणी मागत नाही. ऑन्कॉलॉजीत (कॅन्सर विभागात) असाल तर ऑन्कॉलॉजी नर्सिंग फाउंडेशन, सिग्मा थीटा टाऊ या नर्सिंगच्या ऑनर सोसायटीची सभासद असाल तर तुमचा लोकल चॅप्टर, भारतीय नर्सेसची संघटना नाइना आणि तिचे चॅप्टर, आणि तुमच्या हॉस्पिटलचं स्वतःचं फाउंडेशन. तिथे बाहेरचे लोक अर्ज करत नाहीत आणि आतले आळस करतात.

निबंधात ‘मला लहानपणापासून सेवेची आवड’ असं लिहू नका, कमिटीवर मी बसलेय, तशी वाक्यं दिवसभर वाचते. एक विद्यार्थिनी होती, तिने फक्त एवढंच लिहिलं होतं की डिस्चार्जचे कागद हातात घेऊन एक आजोबा तिला विचारत होते, इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवायचं तर माझ्याकडे फ्रिज नाही, मग? आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तिला कम्युनिटी हेल्थमध्ये पुढे शिकायचं होतं. दीड पान. मी तिचा अर्ज सगळ्यात वर ठेवला.