तिकिटाआधी आय-९४ बघा

“ताई, त्याच्या व्हिसाची मुदत उलटून गेलीय. पण आता आमचं लग्न झालंय आणि मी इथली सिटिझन आहे. भारतात जाऊन आलो तर चालेल ना?”

लग्नसराई जवळ आली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. मी न्यू जर्सीत कुटुंब-समुपदेशन करते. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याचं उत्तर वकिलाकडूनच घ्या असं पहिल्या पाच मिनिटांतच सांगते. पण लोक माझ्याकडे कागद घेऊन येत नाहीत, भांडण घेऊन येतात. कागद मागाहून निघतो. अशीच एका जोडप्याची गोष्ट त्या दोघांच्या परवानगीनं, ओळख पुसून सांगते.

मार्च २०२४. ती सहा वर्षांची असताना आईवडिलांबरोबर न्यू जर्सीतल्या एडिसनला आलेली, आता अमेरिकी नागरिक. तो नाशिकचा, एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरी करणारा. डिसेंबरमध्ये टाउन हॉलमध्ये सह्या करून लग्न झालं होतं. घरच्यांच्या हिशेबी ‘खरं’ लग्न मेमध्ये नाशिकला होतं. मुहूर्त काढलेला, कार्यालयाला आगाऊ रक्कम दिलेली. पहिल्यांदा ती एकटीच आली. “तो रात्री उठून लॅपटॉप उघडून बसतो. तिकिटं काढू म्हटलं की उद्या बघू म्हणतो. त्याला हे लग्न नकोच आहे का?” मग खालच्या आवाजात, “बाबा म्हणतात, ग्रीन कार्डासाठीच केलंय त्यानं.”

पुढच्या वेळी तो आला. मी काही विचारायच्या आत त्यानं पाकिटातून एक कागद काढला. इतक्यांदा घडी घातलेला की घड्यांवरची अक्षरं पुसट झाली होती. आय-९४ची प्रत, म्हणजे अमेरिकेत शिरताना होणारी प्रवेशाची नोंद. त्यावर मुक्कामाची शेवटची तारीख होती १४ जानेवारी २०२३. म्हणजे चौदा महिने उलटून गेले होते.

आपल्या माणसांची गफलत इथेच होते. आपण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का बघतो. तो फक्त दारापर्यंत यायचा परवाना. आत किती दिवस राहायचं ते ठरतं आय-९४वरून. याच्या व्हिसावर आणि कंपनीच्या मंजुरीपत्रावर सप्टेंबर २०२४ होतं. पण मे २०२२मध्ये तो नाशिकहून परतला तेव्हा पासपोर्टच जानेवारी २०२३मध्ये संपणार होता, म्हणून विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं तिथपर्यंतचीच मुदत दिली. नोव्हेंबरात त्यानं कॉन्सुलेटमधून नवा पासपोर्ट करून घेतला आणि निर्धास्त झाला. नवा पासपोर्ट आल्यानं आय-९४ आपोआप वाढत नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं. मुदतवाढीची तयारी करताना कंपनीच्या वकिलानं हा कागद मागितला, तेव्हा बिंग फुटलं.

तीन आठवडे त्यानं हे बायकोपासून लपवलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “स्टेटस, म्हणजे इथे राहायचा हक्कच गेलाय म्हणून सांगितलं असतं, तर हिच्या बाबांचंच खरं ठरलं असतं.” ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मेमध्ये मला काय सांगणार होतास?”

“आधी एकटाच जाणार होतो. तिथे पासपोर्टवर व्हिसाचं नवीन स्टॅम्पिंग करून घेतलं की सगळं सुरळीत झालं असतं. तुला कळलंही नसतं.”

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कारण १९९६च्या कायद्यातली तरतूद अशी आहे, की १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आत मुदतबाह्य राहून कुणी आपणहून देश सोडला, तर तीन वर्षं परत येता येत नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं असेल, तर दहा वर्षं. आणि ही बंदी लागू होते ती देश सोडल्यावर. अमेरिकेत असेपर्यंत त्याच्यापुढे वाट होती, मुंबईच्या विमानात बसल्यावर ती बंद झाली असती. माफीचा अर्ज असतो, पण त्यासाठी इथल्या जोडीदारावर पराकोटीची आपत्ती येईल हे सिद्ध करावं लागतं. बायकोला त्रास नको म्हणून गुपचूप निघालेला हा मुलगा तिला दहा वर्षं दूर ठेवून बसला असता.

मी एवढंच म्हटलं, की तिकीट आज नको, आणि इमिग्रेशन वकिलाकडे दोघांनी एकत्र जा. ‘एकत्र’वर माझा फार जोर होता. वकिलानं सांगितलेलं अर्धं कळतं, अर्धं भीतीपोटी ऐकूच येत नाही. शिवाय एकट्यानं जाऊन आला असता, तर आणखी एक गुपित वाढलं असतं.

वकिलानं जे सांगितलं त्यानं दोघांच्या जिवात जीव आला. अमेरिकी नागरिकाचा नवरा किंवा बायको रीतसर तपासणी होऊन देशात आलेली असेल, तर मुदत उलटली असली, मधल्या काळात परवान्याशिवाय काम झालं असलं, तरी इथे राहूनच ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. जोडीदार नुसता ग्रीन कार्डधारक असेल तर ही सवलत मिळत नाही. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांच्या आय-९४वर बहुधा तारीखच नसते, त्यांचे दिवस वेगळ्या पद्धतीनं मोजले जातात. म्हणून शेजारच्या घरातलं उत्तर आपल्या घरात चालत नाही. एप्रिलमध्ये अर्ज गेले, सोबत कामाच्या परवान्याचा आणि अ‍ॅडव्हान्स परोलचा, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याच्या आगाऊ परवानगीचा. ती हाती पडायच्या आत तो गेला असता, तर ग्रीन कार्डाचा अर्ज सोडून दिला असं धरलं गेलं असतं.

कायद्याचा भाग इथे संपला. घरातला सुरू झाला, आणि माझ्या मते तोच जास्त अवघड होता. परवाना येईपर्यंत त्याला कामावर जाता येईना. बायकोच्या पगारावर घर, आणि हा दिवसभर घरी. दोघांचा डबा तो भरायचा, पण तिचे आईवडील यायचे म्हटलं की बाहेर निघून जायचा. एका बैठकीत मी तिच्या बाबांना बोलावलं. त्यांच्यापुढे तोच घड्यांचा कागद ठेवला आणि जावयाला म्हटलं, तूच समजावून सांग. तो अडखळत बोलला. बाबांनी चष्मा लावून तारीख दोनदा वाचली. म्हणाले, “मी एच-१वर होतो तेव्हा हा पांढरा कागद पासपोर्टला टाचलेला असायचा. तेव्हाही मी कधी वाचला नव्हता.” त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. पण निघताना म्हणाले, “रविवारी जेवायला या.”

नाशिकला फोन करायचा राहिला होता. आईला कमी दिसतं, वर बीपी, म्हणून खरं सांगायला तो तयार नव्हता. सुट्टी मिळाली नाही असं सांगू म्हणाला. मी नको म्हटलं. शेवटी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, “तुला पकडणार तर नाहीत ना?” दुसरा, “सूनबाईला माहितीय ना?” हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग कार्यालयवाल्याशी मी बोलते. डिसेंबरातले मुहूर्त बघते.”

ऑक्टोबरात परवानग्या आल्या. तरी वकिलानं बजावलं, की परोल हाती असला तरी परतताना आत घ्यायचं की नाही हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. आधार होता तो २०१२च्या एका निकालाचा. भारतातूनच आलेलं अराबल्ली आणि येराबेल्ली हे जोडपं असाच परोल घेऊन मायदेशी जाऊन आलं होतं. त्यांच्या खटल्यात इमिग्रेशन अपील मंडळानं ठरवलं, की परोलवर जाऊन येणं म्हणजे दहा वर्षांची बंदी लावणारं देश सोडणं नव्हे. पण निकाल बदलू शकतात, धोरणं तर बदलतातच. त्यांच्या वेळचं उत्तर आज कुणी धरून चालू नये. जायच्या आठवड्यात वकिलाला पुन्हा विचारावं.

आणि घरातल्या प्रत्येकाचा आय-९४ वेगळा असतो, बायकोचा, मुलांचाही. सीबीपी, म्हणजे विमानतळावर तपासणी करणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याच्या वेबसाइटवर तो फुकट निघतो. बाहेरून परत आलात की त्याच आठवड्यात काढून तारीख वाचा.

डिसेंबरात नाशिकला लग्न लागलं. जानेवारीत नेवार्कला उतरले तेव्हा ती नागरिकांच्या रांगेतून बाहेर आली, त्याला आत वेगळ्या खोलीत बसवलं. मला तिचा मेसेज आला, “थांबलेय.” दीड तास काहीच नाही. मग एक फोटो आला. सामानाच्या पट्ट्याजवळ चार बॅगा, एकीवर सासूबाईंनी सुतळीनं बांधलेला चिवड्याचा डबा, आणि खाली एकच शब्द, “आला.”