रिपोर्ट यायचाय...

मी कॅन्सरच्या पेशंटचं समुपदेशन करते. गेल्या काही महिन्यांत एकच वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी लिहायला बसलेच. "मॅडम, केमो सहन होते हो, रिपोर्टची वाट बघणं नाही होत."

त्यातल्याच एक ताई. ओव्हरीचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, केमो चालू, केमोच्या प्रत्येक फेरीच्या आधी सीए-१२५ ची टेस्ट (या कॅन्सरवर लक्ष ठेवायला रक्तातलं एक प्रथिन मोजतात, ती). रक्त दिलं की मोबाईल हातातून सुटायचा नाही, रात्री अकराला पीडीएफ आली की एकट्याच उघडायच्या आणि मग सकाळपर्यंत जाग्या. नॉर्मल ३५ पर्यंत, यांचा मागच्या वेळी ३८ होता, आता ४१. "वाढला म्हणजे संपलंच ना?"

हे मी कोण सांगणार? डॉक्टरांनाच विचारायला लावलं. ते म्हणाले, पोटात कुठे सूज असली तरी हा आकडा वर जातो, थोडंफार खालीवर होतंच, एका आकड्यावर काही ठरत नाही, सलग चढतोय का आणि किती ते आम्ही बघतो, सोबत स्कॅन असतो. ताईंना पटलं. पुढच्या टेस्टपर्यंत.

कबूल करते, सुरुवातीला मीही 'सगळं चांगलंच येईल बघा' म्हणायचे. पण मग माणूस दर वेळी तेच ऐकायला येतो, आणि आपण कुठल्या भरवशावर सांगणार? आता नाही म्हणत.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत विचारलं, "समजा, वाईट आला. मग?"

"मग मला नाही झेपणार."

"याआधी कधी वाईट आलाच नाही?"

बराच वेळ गप्प. "आला ना. बायोप्सीचा."

"त्या दिवशी घरी जाऊन काय केलंत?"

"रडले. खूप रडले. मग... मशीनमध्ये कपडे ओले पडले होते, ते वाळत घातले." आणि एकदम माझ्याकडे बघितलं. "घातले की हो मी!"

मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांत एवढं शिकलेय की अशा वेळी आपण तोंड बंद ठेवायचं.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची चाहती, १९५५ च्या सुमारास त्याने मांडलेलं मला रोज खोलीत दिसतं. 'रिपोर्ट चांगला यावा' ही इच्छा, ती असणारच. 'आलाच पाहिजे, नाहीतर मी संपले' ही अट, आणि झोप उडवते ती हीच.

बाकी साध्या गोष्टी ठरवल्या. रिपोर्ट एकट्याने रात्री उघडायचा नाही, यांच्या घरी ते काम नवऱ्याकडे गेलं. टेस्टची तारीख शक्यतो डॉक्टरांच्या भेटीला लागून घ्यायची. किती वाढला तर काळजीचं, हे आधीच विचारून वहीत लिहून ठेवायचं. आणि काळजीला रोज संध्याकाळी अर्धा तास, मधेच आली तर 'सहाला ये' म्हणायचं (हसू नका, जमतं हे). पण झोप, जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत.

पुढचा आकडा ४४ आला. तीन आठवड्यांनी परत टेस्ट. ताईंचा मेसेज आला, "मॅडम, अर्धा तास पुरत नाहीये, पाऊण करू का?"

म्हटलं, करा.