पावसाळी ट्रेकसाठी हवामानाचं कोणतं अ‍ॅप घेऊ?

सुरुवातीला दोनच अ‍ॅप ठेव. पाच-सहा ठेवलीस की त्यातलं एखादं तरी आपल्या मनासारखं सांगतंच, आणि पोरं तेवढंच बघून निघतात!

पहिलं 'मौसम', हवामान खात्याचं. त्यात आधी इशाऱ्याचा रंग बघ. केशरी किंवा लाल असेल तर ट्रेक रद्द, ग्रुपवर चर्चा नको. दुसरं 'दामिनी', पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं. आसपास वीज पडतेय का ते कळतं, पण लोकेशन चालू हवं. गडावर रेंजचा भरवसा नाही, म्हणून पायथ्याशीच उघडून बघायचं.

नवखे बहुतेक इथे फसतात:

- अंदाज पुणे शहराचा बघतात आणि जातात ताम्हिणीला. शहरात भुरभुर असताना घाटात धो-धो कोसळत असतो. खात्याच्या इशाऱ्यात घाटभागाचा उल्लेख वेगळा असतो, तो वाच.
- '६० टक्के शक्यता' यावरून पाऊस किती पडेल ते कळत नाही. त्यासाठी मिलिमीटरचा आकडा बघ. २४ तासांत ६४.५ मिमी किंवा त्याहून जास्त म्हणजे मुसळधार. अशा दिवशी ओढे ओलांडायचे नाहीत.
- दहा दिवस आधीचा अंदाज धरून गाडी ठरवतात. दोन-तीन दिवसांपलीकडचं फार मनावर घेऊ नकोस.

रडार, मॉडेलं, वाऱ्याचे रंगीत नकाशे पुढच्या पावसाळ्यात शीक. सध्या निघायच्या आदल्या रात्री एकदा आणि सकाळी एकदा बघितलंस तरी पुष्कळ.