पाठीतल्या पाण्याचं कल्चर निगेटिव्ह आलं, तरी मेंदूज्वराची औषधं का चालू ठेवतात?

तुमच्या भावाला ताप, डोकेदुखी आणि असंबद्ध बोलणं सुरू झालं म्हणून भरती केलं. दुसऱ्या दिवशी पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढलं, 'जंतूंची वाढ नाही' असा कल्चरचा (नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या चाचणीचा) रिपोर्ट आला, पण डॉक्टर इंजेक्शनं बंद करत नाहीत. मग रिपोर्ट चुकीचा की उपचार, असा तुमचा प्रश्न आहे. बहुधा दोन्ही बरोबर असावेत. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि असे नमुने रोज हाताळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे पाहा की पाणी काढण्यापूर्वी अँटिबायोटिक सुरू झालं होतं का. बहुतेक वेळा झालेलं असतं आणि ते योग्यच असतं, कारण जिवाणूंच्या मेंदूज्वरात काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. पण औषध शरीरात गेलं की पाण्यातले जंतू झपाट्याने मरतात. मेनिंगोकोकस हा मेंदूज्वराचा जिवाणू तर एक-दोन तासांतच कल्चरमध्ये उगवेनासा होऊ शकतो. कल्चरला जिवंत जंतू लागतात. त्यामुळे अशा वेळी 'वाढ नाही' याचा अर्थ एवढाच, की नमुना घेतला तेव्हा उगवण्याजोगं काही त्यात सापडलं नाही.

मात्र जंतू मेले तरी त्यांनी केलेली उलथापालथ पाण्यात दिसत राहते, म्हणून आम्ही कल्चरच्या आधी बाकीचे आकडे बघतो. निरोगी प्रौढ माणसाचं हे पाणी नितळ असतं. त्यात एका मायक्रोलिटरला पाचपर्यंत पांढऱ्या पेशी, प्रथिनं साधारण 15 ते 45 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि साखर रक्तातल्या साखरेच्या जवळपास दोन तृतीयांश. जिवाणूंचा संसर्ग असेल तर पेशी शेकड्यांत-हजारांत जातात, त्यात न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जास्त, प्रथिनं वाढलेली, साखर घसरलेली. विषाणू असेल तर सहसा लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आणि साखर जागेवर. क्षयाच्या मेंदूज्वरात लिम्फोसाइटही जास्त आणि साखरही कमी. हे ढोबळ आहे. विषाणूच्या आजारातही पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल जास्त दिसू शकतात.

साखरेचा आकडा एकटा वाचू नका. समजा पाण्यातली साखर 90 आली. नॉर्मल वाटते ना? पण त्याच वेळी रक्तातली साखर 300 असेल, तर हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली गेलं, म्हणजे साखर चक्क कमी आहे. मधुमेही रुग्णात इथेच फसगत होते. म्हणून पाणी काढताना रक्तातली साखरही तपासलेली असावी लागते. ती तपासली होती का, हे जरूर विचारा.

नमुना पोचायला किती वेळ लागला, यानेही फरक पडतो. नळी तशीच पडून राहिली तर न्यूट्रोफिल फुटायला लागतात आणि दोन तासांत त्यांची संख्या निम्म्यावर येऊ शकते. आणि कल्चरची नळी फ्रिजमध्ये ठेवायची नसते, थंडीत काही नाजूक जंतू मरतात. विषाणूंच्या पीसीआरचा (त्यांचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या चाचणीचा) नमुना मात्र थंडच ठेवतात. सुई टोचताना रक्त मिसळलं असेल तर पेशींचा आकडा फुगतो, तेही हिशेबात धरावं लागतं.

क्षयाबद्दल मला आवर्जून सांगायचंय, कारण तिथे निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून सर्वात जास्त नुकसान होतं. नळी काही तास न हलवता ठेवली की कधीकधी पाण्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा नाजूक पडदा धरतो. ते जाळं अलगद उचलून स्लाइडवर पसरलं तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते. एरवी स्लाइडवर जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ते हजारोंनी असावे लागतात, आणि या पाण्यात ते फारच विरळ असतात. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. जनुकीय चाचणी काही तासांत उत्तर देते आणि पॉझिटिव्ह आली तर फार मोलाची, पण ती निगेटिव्ह आल्याने क्षय नाही असं ठरत नाही. या चाचण्यांना पाणीही जास्त लागतं, प्रौढात शक्यतो सहा मिलिलिटर किंवा त्याहून अधिक. दोन-चार थेंबांतून क्षय शोधा म्हटलं तर आमचे हात बांधलेले असतात.

भाऊ असंबद्ध बोलत होता असं लिहिलंय, म्हणून मेंदूला सूज आणणाऱ्या हर्पिस विषाणूच्या पीसीआरबद्दलही विचारा. आजाराच्या पहिल्या तीन दिवसांत ही चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. संशय दाट असेल तर असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचं औषध चालू ठेवून काही दिवसांनी पुन्हा पाणी तपासतात. जपानी मेंदूज्वराचं निदान बहुधा आयजीएम प्रतिपिंडांवर (संसर्ग झाल्यावर शरीर आधी तयार करतं त्या प्रतिपिंडांवर) होतं, आणि तीही सुरुवातीला सापडतीलच असं नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णात क्रिप्टोकोकस या बुरशीची अँटिजेन चाचणी (बुरशीचे अंश शोधणारी) राहून जाता कामा नये.

तेव्हा डॉक्टरांकडून संपूर्ण रिपोर्ट मागून घ्या: पेशी किती व कोणत्या, प्रथिनं, साखर आणि त्याच वेळची रक्तातली साखर, ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची तपासणी). पहिलं इंजेक्शन किती वाजता दिलं आणि पाणी किती वाजता काढलं, तेही विचारा. अँटिबायोटिकआधी रक्ताचं कल्चर घेतलं असेल तर तो रिपोर्टही बघा, पाण्यात न सापडलेला जंतू कधीकधी तिथे मिळतो. आणि डॉक्टरांनी पुन्हा पाणी काढायचं म्हटलं तर घाबरून नकार देऊ नका. पहिल्या नमुन्याने अर्धवट सोडलेला प्रश्न बऱ्याचदा दुसऱ्या नमुन्यात सुटतो.