जुन्या कड्यांवर चिपबोर्डची जमीन : कोणता गोंद वापरावा?

प्रश्न : इंग्लंडमधील लेस्टर येथे आम्ही नुकतेच एक जुने विटांचे घर घेतले आहे. वरच्या मजल्यावरील निजायच्या खोलीची फळ्यांची जमीन पावलागणिक करकरत असल्याने ती आम्ही काढली असून, तिच्या जागी २२ मिलिमीटर जाडीचे, चारही कडांना जीभ-खाच असलेले (एकाची जीभ शेजारच्याच्या खाचेत बसते असे) चिपबोर्डचे, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेले, तक्ते बसवणार आहोत. खोली ४ मीटर बाय ३.६ मीटर आहे. जमीन पेलणाऱ्या लाकडी कड्या ३.६ मीटरच्या दिशेने जातात आणि त्यांच्यात मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ४०० मिलिमीटर अंतर आहे. दुकानात पांढरा पीव्हीए गोंद आणि त्याहून महाग, फेसाळणारा पॉलियुरेथेन गोंद असे दोन प्रकार दाखवले. माझे वडील नाशिकला सुतारकाम करीत आणि फेविकॉलखेरीज दुसऱ्या कशाला हात लावत नसत. पांढरा गोंद पुरेसा नाही का? आणि स्क्रू मारणारच असू, तर गोंदाची गरज तरी काय?

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच मिळते. घर तापू लागले की कडीचे लाकूड वाळून आकसते, तक्ता आणि कडी यांच्यात केसभर फट पडते आणि पाऊल पडताच तक्ता खाली दबून खिळ्याच्या दांड्यावर किंवा शेजारच्या तक्त्याच्या कडेवर घासतो. आपण ऐकत होता ती करकर या घासण्याचीच असते. स्क्रू तक्त्याला ठरावीक ठिकाणीच धरतो, तर गोंद कडीच्या सबंध लांबीवर धरतो आणि फट पडूच देत नाही. आपल्याकडच्या वाड्यांतील कडीपाटावर माती-मुरुमाचा थर असे आणि त्याच्या भाराने पाट दबून राहत. इंग्लंडमधील हलक्या जमिनीवर तसा भार नसतो, म्हणून तेथे गोंद लागतो.

आता कोणता गोंद? आपल्या वडिलांचा अनुभव खरा आहे, पण तो रंधा मारून गुण्यात (काटकोनात) आणलेल्या आणि शिकंज्यात आवळलेल्या सांध्यांचा आहे. फेविकॉलच्या जातीचा पीव्हीए गोंद त्यातील पाणी लाकडात शोषले गेल्यावर धरतो आणि वाळताना स्वतः आकसतो. त्याला दोन्ही पृष्ठे एकमेकांना घट्ट भिडलेली हवी असतात. जुन्या कडीचा माथा मात्र नुसता करवतीने कापलेला, रंधा न मारलेला असतो, त्यावर पूर्वीच्या खिळ्यांची भोके असतात आणि एका कडीपासून दुसरीपर्यंत मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा चढउतार सहज सापडतो. पॉलियुरेथेन गोंद लाकडातील व हवेतील ओल घेऊन घट्ट होतो आणि तसे होताना फुगून बारीक फटी भरून काढतो. शिवाय काही तक्त्यांवर पावसापासून बचावासाठी पातळ आवरण असते; ते पाणी शोषत नसल्याने पांढऱ्या गोंदाची पकड तेथे बसत नाही. आपले तक्ते तसे आहेत का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे.

युरोपीय मानक ईएन २०४ मध्ये लाकडाच्या अशा गोंदांचे पाणी सोसण्याच्या क्षमतेनुसार डी १ ते डी ४ असे चढते वर्ग केलेले आहेत. जमिनीसाठी मिळणारा पांढरा गोंद बहुधा डी ३ वर्गाचा आणि फेसाळणारा डी ४ वर्गाचा असतो. केवळ जीभ-खाचेच्या सांध्यांसाठी डी ३ चालतो, हे मान्य. तरीही माझा सल्ला असा की कड्यांवर आणि सांध्यांत दोन्हीकडे डी ४ च वापरावा.

मात्र फेस म्हणजे भराव नव्हे. जाड फटीत फुगलेला गोंद स्पंजासारखा पोकळ राहतो आणि भार घेत नाही. म्हणून आधी लांब पाणसळ ठेवून कड्यांचे माथे तपासावेत, उंच असेल तेथे रंधा मारावा, खोलगट असेल तेथे कठीण लाकडाची पट्टी चिकटवून स्क्रूने बसवावी आणि धूळ पूर्ण झाडून काढावी. कड्यांतील ओल २० टक्क्यांहून अधिक असल्यास थांबावे.

तक्ते पी ५ या ओल सोसणाऱ्या वर्गाचे असावेत. आपल्या कड्यांच्या अंतराला १८ मिलिमीटरही चालले असते. २२ मिलिमीटरचा तक्ता ६०० मिलिमीटर अंतरापर्यंत चालतो, तेव्हा जाडीची चिंता नको. २४०० बाय ६०० मिलिमीटरचे दहा तक्ते हिशेबाने नेमके पुरतात. कापाकापी धरून बारा आणावेत. लांब बाजू कड्यांना आडवी ठेवावी, आखूड टोके कडीच्या मध्यावरच टेकवावीत आणि लगतच्या ओळींतील ही टोके एका रेषेत येऊ देऊ नयेत. कडीवर गोंदाची सलग धार सोडावी. जेथे दोन टोके भेटतात तेथे दोन धारा द्याव्यात आणि जिभेच्या वर-खाली दोन्ही अंगांना गोंद लावावा. गोंद घट्ट होण्यापूर्वीच सुमारे ५५ ते ६० मिलिमीटर लांबीचे स्क्रू मारावेत. भिंतीलगत किमान १० मिलिमीटर मोकळी जागा सोडावी; ती नंतर स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावलेल्या पट्टीखाली, झाकली जाते. बाहेर आलेला फेस ओला असताना पुसू नये, वाळल्यावर खरवडावा. हा गोंद त्वचेवरून सहजी निघत नाही आणि त्यातील आयसोसायनेट या रसायनामुळे दम्याच्या रुग्णांना त्रास होऊ शकतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

एका गोष्टीकडे मला आपले विशेष लक्ष वेधायचे आहे. डी ४ ने चिकटवलेला तक्ता पुन्हा अखंड निघत नाही. हीटिंगचे पाइप किंवा विजेच्या तारांचे जोड जेथे असतील, तेथे आधीच आडव्या लाकडांचा आधार देऊन, गोंद न लावता केवळ स्क्रूने बसवलेले झाकण ठेवावे. हे आज अर्ध्या दिवसाचे काम आहे. पाइप गळू लागल्यावर तेच काम सबंध जमीन फोडण्याचे होते.

प्रश्न : आमच्याकडे गोंदाशिवाय खिळ्यांनी ठोकलेली चिपबोर्डची जमीन आधीच आहे व ती करकरते. फटीत गोंद ओतता येईल का?

उत्तर : ओतलेला गोंद तक्त्याखाली कडीपर्यंत पोहोचत नाही. खिळ्यांच्या रांगेवरून कडी ओळखावी, खाली पाइप वा तार नसल्याची यंत्राने खात्री करून घ्यावी आणि करकरणाऱ्या जागी दोन खिळ्यांच्या मध्ये स्क्रू आवळावेत. आवाज सांध्यातून येत असल्यास सांध्याखाली, कड्यांच्या मध्ये, आडवे लाकूड बसवावे लागते, आणि त्यासाठी तेवढा तक्ता उचलावाच लागतो. तो परत बसवताना मात्र गोंद लावावा.