मुक्तस्रोत प्रणाली लघुउद्योजकांच्या गळी कशी उतरवावी?

साठा व बिलांच्या हिशेबाची आपली मुक्तस्रोत (म्हणजे जिचा मूळ कोड कोणालाही पाहता व बदलता येतो अशी) प्रणाली लघुउद्योजकांपर्यंत कशी न्यावी, असे आपण विचारले आहे. त्यांच्यापुढे ‘स्रोत खुला आहे’ हे पालुपद आळवू नये, कारण ज्याला जीएसटीचे विवरणपत्र वेळेत भरायचे आहे, त्याला परवान्याचे नाव नव्हे, तर बिघाड झाल्यास फोन कोण उचलणार हे जाणून घ्यायचे असते. ‘फुकट’ हा शब्दही जपून वापरावा. फुकटच्या वस्तूला वाली नसतो, असे व्यापारी मानतो आणि ते अगदीच चुकीचे नाही.

रेड हॅट या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने नेमके हेच ओळखले. लिनक्स ही मुक्तस्रोत संगणक-प्रणाली विनामूल्य मिळत असतानाही तिने वर्गणीच्या रूपात चाचणी, सुरक्षा-दुरुस्त्या आणि मदतीची हमी विकली. २०१९ मध्ये आयबीएमने ती कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरना घेतली. मुंबईची फ्रॅपे कंपनीही ईआरपीनेक्स्ट ही व्यवसाय-व्यवस्थापनाची प्रणाली जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली खुली ठेवून होस्टिंग (ती सर्व्हरवर चालवून देणे) व साहाय्याचे पैसे घेते.

प्रात्यक्षिकासाठी ग्राहकाचीच जुनी बिले मागून घ्यावीत. परराज्यातील विक्रीला आयजीएसटी आणि राज्यातल्या विक्रीला सीजीएसटी-एसजीएसटी आपोआप लागतो, तसेच टॅलीतील खात्यांची यादी एक्सेलमधून आत घेता येते, हे त्यांच्या लेखापालाला समोर बसवून दाखवावे. मालकाने होकार दिला तरी लेखापालाने नाक मुरडले की व्यवहार फिसकटतो.

खुलेपणाचा मुद्दा शेवटी, तोही एका वाक्यात मांडावा: आपण उद्या काम थांबवले तरी ग्राहकाची माहिती आणि प्रणाली त्याच्याच हाती राहील व दुसरा कोणीही तंत्रज्ञ ती पुढे चालवू शकेल. मदतीचे दर व वेळा मात्र संकेतस्थळावर उघडपणे लिहाव्यात.